देव्हाऱ्यामागचा गालिचा

मानवजातीचा इतिहास हा चालत राहिलेल्या माणसांचा इतिहास आहे. जे बसून राहिले त्यांची नावं काळाने पुसून टाकली. हे वाक्य माझं नाही, आमच्या अण्णाकाकांचं आहे. ते त्यांनी उभ्या हयातीत असंख्य वेळा उच्चारलं आणि, मी साक्षीला होते म्हणून सांगते, प्रत्येक वेळी बसून. घरी असले तर आरामखुर्चीत, पाय समोरच्या स्टुलावर. व्याख्यानाला गेले तर लोडाला टेकून, कारण फार प्रवास केलेल्या माणसाच्या गुडघ्यांना उभं राहायला लावू नये, असं त्यांचं मत होतं. मंडई आमच्या शनिवार पेठेतल्या घरापासून फार लांब नव्हती, पण काका कधी भाजीला गेल्याचं कुणाच्या स्मरणात नाही. नदीपलीकडे व्याख्यान असलं की आयोजकांनी टांगा पाठवायचा, असा रिवाज पडून गेला होता. टांगा आला नाही तर मानवजातीचा इतिहास त्या दिवसापुरता रद्द होत असे.

अण्णाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. लग्न केलेलं नव्हतं. पुण्यात त्यांना 'प्रवासमहर्षी' म्हणत. ही पदवी त्यांना कोणी दिली याचा शोध मी पुढे घेतला, तेव्हा असं आढळलं की ती पहिल्यांदा एका व्याख्यानाच्या हस्तपत्रिकेवर छापली गेली होती आणि त्या हस्तपत्रिकेचा मजकूर काकांनी स्वतः लिहून दिला होता. मी पाळण्यात असताना काका आणि त्यांचे दोन मित्र एक जुनी जीप घेऊन पुण्याहून खुष्कीच्या मार्गाने निघाले. पंजाब, खैबरखिंड, काबूल, हेरात आणि तिथून इराणातलं मशहद. ज्या वाटांनी शेकडो वर्षं उंटांचे तांडे रेशीम, हिंग, सुकामेवा आणि गालिचे वाहत आले, त्या वाटा. बऱ्याच महिन्यांनी काका परत आले ते वाळलेले, दाढी वाढलेले आणि खांद्यावर एक गुंडाळी घेऊन. जीप ज्यांची होती ते दिनकरराव परतल्यावर लगेच नोकरीसाठी नैरोबीला गेले. तिसरे मित्र पुढच्याच वर्षी वारले. त्यामुळे त्या प्रवासाचे सर्व हक्क आपोआप काकांकडे आले.

आमच्या तीन खोल्या पिठाच्या गिरणीवर होत्या. पहाटे गिरणी सुरू झाली की फळीवरचे डबे थरथरू लागत आणि दुपारी पट्टा काढला की एकदम इतकी शांतता होई, की कुणीतरी घर सोडून गेल्यासारखं वाटे. सगळ्या वस्तूंवर पिठाची साय बसे. सकाळी पुसलेल्या आरशात संध्याकाळी पाहिलं तर आपण म्हातारे झालेलो दिसायचो. या घरात वडील एका सरकारी कचेरीत नोकरी करून आणि प्रत्येक प्रश्नावर 'अण्णा म्हणतील तसं' असं म्हणून राहत होते. आई स्वयंपाकघरात राहत होती. मधल्या खोलीत काका राहत होते आणि काकांच्या समोरच्या भिंतीवर, देव्हाऱ्याच्या मागे, तो गालिचा राहत होता.

देव्हाऱ्याच्या मागे गालिचा कसा, असं विचाराल तर त्याला आईचं शास्त्र जबाबदार. आमच्याकडे सोवळं कडक. सकाळी मी विहिरीवर धुऊन वाळत घातलेला परकर दोरीवरून काढताना जरी कुणाचा हात लागला तरी तो ओवळा. पण लोकरीला विटाळ नाही. धाबळी कितीही वापरली, कुणीही शिवली, तरी सोवळ्यात चालते. त्या न्यायाने उंटाच्या पाठीवरून, सरायांच्या धुळीतून, कुणाकुणाच्या पायांखालून आलेला तो गालिचा आमच्या घरातली सर्वात शुद्ध वस्तू ठरला. आईने रिठ्याच्या पाण्यात तो एकदा धुतला आणि देवांच्या मागे टांगला, म्हणजे भिंतीवरची गिरणीची धूळ देवांवर पडायला नको. व्याख्यान असलं की काका तो उतरवून नेत आणि व्याख्यान झालं की देवांना परत करत. इतक्या नियमितपणे देवाघरची वस्तू नेणारा आणि परत आणणारा भक्त मी दुसरा पाहिलेला नाही.

गालिचा लहानसाच होता. एक माणूस गुडघे टेकून बसेल एवढा. कडांना गर्द तांबडी आणि जवळजवळ काळी वाटावी अशी निळी नक्षी, मधल्या भागाला उंटाच्या अंगाचा रंग. त्या भागाच्या वरच्या टोकाला एक चौकोनी कमान आणि कमानीच्या आत ताठ फांद्यांचं, पानं मोजून काढल्यासारखं एक झाड. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक छोटा चौकोन. काका व्याख्यानात छडीने दाखवत. ही कमान म्हणजे खुरासानातल्या एका टोळीच्या सरदाराच्या किल्ल्याची वेस. हे दोन चौकोन म्हणजे वेशीवरचे बुरूज. आणि वेशीतून दिसणारा हा वृक्ष म्हणजे कल्पवृक्ष, आपल्या संस्कृतीची त्या वाळवंटात टिकून राहिलेली एकमेव खूण. त्या सरदाराने काकांना अडवलं, काकांनी त्याला खड्या आवाजात संस्कृत श्लोक ऐकवला, अर्थ कळला नाही तरी नादाने सरदाराच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने आपल्या बैठकीखालचा गालिचा काढून काकांच्या खांद्यावर घातला. इथे सभागृहात कुजबुज होई. मग काका थोडं थांबून, आवाज उतरवून सांगत, की सरदाराने पुढे जेवायचा आग्रह केला, पण खैबरखिंडीपासून मशहदपर्यंत आपण घरून नेलेला मेतकूट-भातच खाल्ला. टाळ्या पडत त्या इथे. संपूर्ण मध्य आशिया पुणेकर शांतपणे ऐकून घेत. मेतकुटाला मात्र सभागृह डोक्यावर घेत.

लोक बदलले असतील असं वाटून घेण्याचं कारण नाही. मी आता कोथरूडला राहते. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतले काही जण 'रेशीम मार्ग' नावाच्या सहलीला जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी क्लबहाउसमध्ये पडद्यावर फोटो दाखवले. निळे घुमट होते, घुमटांपुढे आमच्या इमारतीतली माणसं होती आणि घुमट दिसू नयेत याची माणसांनी काळजी घेतली होती. प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न आला, "जेवणाचं काय?" उत्तर आलं, "अहो, समरकंदला पुरणपोळी! आचारीच बरोबर नेला होता." टाळ्या पडल्या. मी काकांची आठवण काढली आणि समोसा घेतला.

ज्या दिवसांची ही हकिकत आहे तेव्हा मी कॉलेजचं पहिलं वर्ष पुरं केलं होतं आणि मला बडोद्याला जायचं होतं. तिथे कापडाच्या कलेचं, विणकामाचं रीतसर शिक्षण मिळतं हे मला एका बाईंनी सांगितलं होतं. अर्ज केला. प्रवेश मिळाला. वसतिगृहात जागाही मिळाली; फक्त सोमवारी सकाळी तिथे हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. हे वेड मला त्या गालिच्यानेच लावलं होतं, काकांच्या व्याख्यानांनी नव्हे. लहानपणी देवपूजेला आईच्या शेजारी बसले की माझं लक्ष देवांकडे नसे. त्या झाडाच्या एका फांदीत विणणाऱ्याने मध्येच निळ्याऐवजी हिरवा धागा घेतला होता, तिकडे असे. तो संपला म्हणून घेतला असेल, की आवडला म्हणून? याचं उत्तर मला हवं होतं आणि ते पुण्यात कुणी देईना.

विषय निघाला तेव्हा वडील म्हणाले, "अण्णा म्हणतील तसं."

अण्णा आरामखुर्चीत होते. त्यांनी डोळे मिटले. "बडोदा," ते म्हणाले. जणू कुणी त्यांना चंद्राचा पत्ता विचारला होता. "इतक्या लांब?"

"सकाळी निघालं की रात्री पोचते गाडी," मी म्हटलं.

"गाडी पोचते गं. माणूस पोचतो का, हा प्रश्न आहे. रस्ता म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नाही. मी पाहिलाय. परमुलखात एकटं माणूस आजारी पडलं, तर पाणी द्यायला कुणी नसतं."

"बडोदा परमुलूख कसा? तिथे निम्मी माणसं मराठी बोलतात."

"वाद घालू नकोस, शकू. ज्याने वाळवंट तुडवलंय त्याच्याशी वाद घालू नये. मुलीच्या जातीला हे झेपायचं नाही. इथल्या इथे बी.ए. कर. विणकामच करायचं असेल तर घरात लोकर आहे, सुया आहेत."

वडिलांनी मान हलवली आणि निकाल लागला. स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज क्षणभर थांबला, पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी पोळ्या नेहमीपेक्षा पातळ झाल्या होत्या. आईला राग आला की ती पीठ कमी घेत नसे, जोर जास्त लावत असे.

त्यात काकांच्या एकसष्टीचा सत्कार रविवारी संध्याकाळी ठरलेला. समिती नेमली होती. समितीचं मुख्य काम म्हणजे काकांनी स्वतः लिहिलेलं मानपत्र काकांनाच वाचून दाखवणं आणि त्यांचे आक्षेप नोंदवून घेणं. 'महर्षी' हा शब्द बारीक टायपात आला म्हणून एकदा, 'आधुनिक काळातील' असं लिहिल्याने प्राचीन काळातले प्रतिस्पर्धी शिल्लक राहतात म्हणून दुसऱ्यांदा, असा तो मजकूर छापखान्यात हेलपाटे घालत होता. व्यासपीठाच्या मागे गालिचा टांगायचा हे सर्वानुमते ठरलं होतं. शनिवारी सकाळी काका टांग्यात बसून त्या समितीकडे गेले, वडील त्यांच्याबरोबर गेले आणि दुपारी, गिरणीचा पट्टा नुकताच उतरला होता तेव्हा, जिन्यावरून एका उंच, रापलेल्या गृहस्थाने हाक मारली.

"गजा आहे का घरी? गजा!"

आमच्या घरात काकांना कुणीतरी 'गजा' म्हणतं आहे हे समजायला आम्हाला वेळ लागला. ते दिनकरराव होते. नैरोबीहून कायमचे परत आले होते. मुलगी बडोद्याला दिलेली, तिच्याकडे सोमवारी निघणार होते. वाटेत पुण्यात जुन्या मित्राला भेटावं म्हणून आले. सत्काराचं त्यांना ठाऊकच नव्हतं. आईने पान वाढलं. साधंच होतं, वरणभात, भेंडीची भाजी, कैरीची चटणी, ताक. मी पंख्याने वारा घालत समोर बसले. भाताचा पहिला घास घेऊन त्यांनी मान वर केली आणि दारातून त्यांना देव्हारा दिसला.

"अरे वा," ते म्हणाले. "अजून आहे का हा? माझा स्वेटर गेला याच्या पायी."

"स्वेटर?" आईने विचारलं.

"हेरातजवळच्या एका सरायीत म्हातारा होता, वहिनी. त्याच्याकडे हा होता. मला आवडला. पैसे घेईना. माझ्या अंगात आमच्या हिने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर होता, त्याच्याकडे बोट दाखवलं. मी काढून दिला. मला अजून वाटतं, म्हातारा फसला. एका बाजूने उसवत होता तो."

मी लहान नव्हते, तरी काकांची कथा मला तोंडपाठ होती आणि ती तोंडून निघून गेली. "पण हा तर टोळीच्या सरदाराने काकांना दिला ना? श्लोक ऐकून?"

दिनकररावांचा घास हातात राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग हसू फुटलं आणि ते हसू त्यांना इतकं अनावर झालं, की ठसका लागून आईला पाण्याचं भांडं पुढे करावं लागलं.

"गजाने श्लोक म्हटला? कुठे, अमृतसरला?" डोळे पुसत ते म्हणाले. "अगं, गजा अमृतसरच्या पुढे आलाच नाही. तिथलं पाणी बाधलं. असं पोट धरलं त्याने, की उभा राहीना. धर्मशाळेत ठेवला, वैद्य लावून दिला आणि आम्ही दोघं पुढे गेलो. येताना त्याला तिथून उचलला. तोपर्यंत जरा सावरला होता, पण चेहरा बघवेना. म्हणून मी हा गालिचा त्याला दिला. म्हटलं, घे रे, तुझ्यासाठीच आणलाय."

"पण काबूलहून पत्रं आली होती," आई म्हणाली. "मी वाचली आहेत. तिथल्या टरबुजांबद्दल होतं."

"त्यानेच लिहून दिली होती. आम्ही तिथल्या पोस्टात टाकली. घरी काळजी नको, असं म्हणाला. टरबुजांचं त्याला कुणी सांगितलं देव जाणे. आम्हाला तर मिळाली नाहीत. मोसम नव्हता." भात कालवत ते पुढे म्हणाले, "तुमचं मेतकूट मात्र मशहदपर्यंत आलं हो. त्याला तेव्हा अन्नच नको होतं, म्हणून डबा आम्हाला दिला. उत्तम होतं."

म्हणजे आमच्या घरातून खैबरखिंड ओलांडून गेलं ते मेतकूट. इतक्या वर्षांच्या टाळ्या योग्य ठिकाणी पडत होत्या.

आईने ताक वाढलं. दिनकरराव गालिच्याकडे पाहत होते. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि सांगावं की नाही हे ठरत नव्हतं. शेवटी म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. पण तुम्ही हा देवांच्या मागे लावलाय, म्हणून सांगतो. ती कमान आहे ना, ती मशिदीची. हा नमाजाचा गालिचा आहे. गुडघे टेकले, की या दोन चौकोनांवर हात येतात. आणि आपल्या इथे असला तर कमानीचं टोक पश्चिमेला, मक्केच्या दिशेला करायचं."

मी आईकडे पाहिलं. बुरूज गेले, वेस गेली, सरदाराचा किल्ला जमीनदोस्त झाला होता. सोवळ्याओवळ्याचं काय होणार या विचाराने माझा पंखा थांबला.

"म्हणजे देवासमोर बसायसाठीच विणलाय ना?" आईने विचारलं.

"हो. तेवढ्यासाठीच."

"आणि लोकरच आहे?"

"शुद्ध."

"मग आमचा देव्हारा पश्चिमेच्याच भिंतीला आहे. आपसूक बरोबर लागलाय. अजून थोडा भात घ्या."

आमच्या घरातली धर्मशास्त्राची सर्वात मोठी परिषद एवढ्यात आटोपली. पुढे मी अशा गालिच्यांवर बरंच वाचलं, बरेच पाहिले. खुरासानात बलुची बायका असे विणतात. उंटाच्या रंगाच्या कमानीत झाड काढतात. त्यावर विद्वानांनी लिहिलेलंही वाचलं. पण आईच्या त्या दोन प्रश्नांइतकं नेमकं त्यात मला फारसं काही सापडलं नाही.

जेवून उठताना दिनकररावांना सत्काराचं कळलं. त्यांचे डोळे पुन्हा चमकले. "उद्या संध्याकाळी? मग थांबतो की. दोन शब्द बोलतो. जुना सोबती म्हणून बोललं पाहिजे."

"बोला की," आई म्हणाली. मग पाट उचलता उचलता, सहज विचारावं तसं तिने विचारलं, "आणि समजा आमच्या शकूला बडोद्यापर्यंत सोबत हवी असली, सोमवारी सकाळी पोचायचं असलं, तर उद्या सकाळच्या गाडीने निघाल का?"

"म्हणजे सत्कार चुकेल." त्यांनी विचार केला, फार केला नाही. "निघेन. हारतुरे बघायचा मला तसाही कंटाळा आहे. मुलीचं काम आधी."

"मग संध्याकाळपर्यंत कळवते," आई म्हणाली.

संध्याकाळी काका परतले तेव्हा खुशीत होते. महर्षी मोठ्या टायपात बसले होते. आरामखुर्चीत ते मानपत्राची प्रत हातभर लांब धरून पाहत होते, वडील शेजारी पाटावर. आईने चहाचा कप काकांच्या हाताशी ठेवला आणि एरवी ती लगेच आत जाते तशी गेली नाही.

"भावोजी, दुपारी दिनकरराव येऊन गेले."

"कोण दिनकर?"

"तुमचे जीपवाले. पानावर बसले होते. बऱ्याच गप्पा झाल्या. अमृतसरचं पाणी फार वाईट म्हणत होते."

काकांनी मानपत्र हळूच मांडीवर ठेवलं. खाली गिरणी संध्याकाळच्या दळणासाठी पुन्हा चालू झाली होती, त्यामुळे कप बशीत वाजत होता तो काकांच्या हातामुळे की गिरणीमुळे, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

"अमृतसरचं पाणी?" वडील म्हणाले. "ते मध्येच कुठून निघालं?"

"असंच निघालं," आई म्हणाली. "उद्या सत्काराला थांबतो म्हणाले. दोन शब्द बोलणार आहेत. पण त्यांची मुलगी बडोद्याला असते. शकूला सोबत लागणार असेल, तर उद्या सकाळच्याच गाडीने निघायची तयारी आहे त्यांची. नसेल तर थांबतील. भावोजी म्हणतील तसं करू. बाहेरच्या जगाचं घरात तुम्हालाच कळतं."

वर्षभराचा अभ्यास, ती निळ्यातली हिरवी फांदी, वसतिगृहातली कुणा दुसरीला जाऊ घातलेली खाट, सगळं त्या बशीतल्या कपासारखं खुळखुळत होतं. काकांनी डोळे मिटले. त्या मिटलेल्या डोळ्यांमागे कोण कोण चालून गेलं असेल ते असो. उघडले तेव्हा आवाज व्यासपीठावरचा होता.

"मानवजातीचा इतिहास," ते म्हणाले, "हा चालत राहिलेल्या माणसांचा इतिहास आहे. शकूने गेलंच पाहिजे."

"पण अण्णा," वडील गोंधळून म्हणाले, "परवा तर तुम्ही म्हणालात, मुलीच्या जातीला..."

"परवा मी तिची परीक्षा पाहत होतो. सकाळची गाडी ना? मी स्वतः पोचवायला येतो. दिनकर गाडीत नीट बसला पाहिजे. म्हणजे, सोबत नीट असली पाहिजे."

"मी ट्रंक भरते," आई म्हणाली आणि आत गेली. मी तिच्यामागे गेले. वाटलं, ती काहीतरी म्हणेल, हसेल, निदान माझ्याकडे पाहील. ती मेतकुटाची बरणी उतरवत होती.

दुसऱ्या दिवशी काका खरोखर स्टेशनवर आले. टांगा ठरवायला वेळ नव्हता म्हणून माझी वळकटी खांद्यावर घेऊन चौकापर्यंत चालत आले, ही त्यांच्या चरित्रातली एक अप्रकाशित मोहीम. प्लॅटफॉर्मवर दिनकरराव आधीच उभे होते. दोन मित्रांची इतक्या वर्षांनी भेट होत होती.

"काय गजा."

"काय दिनकर."

"पोट काय म्हणतं?"

"ठीक आहे."

दिनकरराव आणखी काही बोलले नाहीत. बोलता आलं असतं. त्यांनी फक्त काकांच्या पाठीवर थाप मारली आणि डब्यात चढून माझ्यासाठी खिडकी धरली. काका खिडकीशी आले. आता इतिहास येणार म्हणून मी तयारीत होते. काफिले, क्षितिजं, ध्रुवतारा. ते इकडेतिकडे पाहून, मला कधी न ऐकवलेल्या हलक्या आवाजात म्हणाले, "शकू, तिकडचं पाणी उकळून पीत जा. निदान सवय होईपर्यंत. नुसतं गाळून भागत नाही. उकळून."

शेकडो व्याख्यानांत प्रवासाबद्दल त्यांनी जे जे सांगितलं, त्यातलं एवढंच त्यांनी स्वतः भोगलेलं होतं. आणि हे ते उभं राहून म्हणाले. मी बडोद्यात पूर्ण मुक्काम पाणी उकळून प्यायले. बरोबरच्या मुली हसायच्या. त्या आजारी पडल्या, मी पडले नाही.

गाडीत मी दिनकररावांना त्या वाटांबद्दल विचारलं. "सांगण्यासारखं फार नाही गं," ते म्हणाले. "धूळ होती. पंक्चर व्हायची. लोक चहा द्यायचे." मग ते झोपले. जो गेला नव्हता त्याला एका व्याख्यानमालेचे दिवस अपुरे पडत, आणि जो गेला होता त्याचं लोणावळ्याच्या आतच आटोपलं.

सत्कार थाटात झाला, असं आईकडून नंतर कळलं. ती पहिल्या रांगेत बसली होती. सरदाराच्या डोळ्यांत पाणी आलं, गालिचा खांद्यावर आला, बुरूज आणि कल्पवृक्ष जागच्या जागी उभे राहिले. मेतकुटाला तिने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. "का नाही वाजवायच्या?" मी विचारलं तेव्हा ती म्हणाली. "मेतकूट माझं होतं." व्यासपीठावरून गालिचा परत आला, तो तिने झटकून पुन्हा पश्चिमेच्या भिंतीवर लावला. काकांनी पुढे अनेक वर्षं व्याख्यानं दिली. आईने शब्द मोडला नाही, खरं तर शब्द दिलाही नव्हता. फक्त कधी काका जेवणात खोड काढू लागले, आमटी अळणी आहे, काबूलला यात अमुक घालतात, असं म्हणू लागले, की ती विचारायची, "पाणी देऊ का, भावोजी?" आणि काका आमटी ओरपून उठायचे.

गालिचा आता माझ्याकडे आहे, पलंगाशेजारी जमिनीवर. सकाळी पाय टेकतात ते त्या झाडावर. हिरव्या फांदीचं उत्तर मला मिळालेलं नाही. ज्या गुरूंना विचारलं त्यांनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली, आणि तिन्ही वेळा ठामपणे.

काकांचं नाव मात्र काळाने पुसलेलं नाही, हे त्यांच्या सिद्धान्ताविरुद्ध असलं तरी नोंदवलं पाहिजे. त्यांच्या जन्मशताब्दीला कोथरूडमध्ये, माझ्या घरापासून जवळच, एका रस्त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. 'प्रवासमहर्षी अण्णासाहेब खांबेटे पथ' अशी निळी पाटी आहे, 'महर्षी' मोठ्या अक्षरांत. अनावरणाला मला खुर्ची दिली होती. नगरसेवक म्हणाले, हा पथ येणाऱ्या पिढ्यांना दूरच्या क्षितिजांकडे घेऊन जाईल. फीत कापली, पेढे वाटले, फोटो निघाले. रस्ता तिसऱ्या इमारतीनंतर एका सोसायटीच्या भिंतीशी संपतो.